हजेरीपटावरची मुलं कुठे आहेत?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत दोन प्रश्न एकदमच निघतात. क्लास कुठला लावायचा आणि कॉलेज कुठलं घ्यायचं? दुसऱ्याचं उत्तर हल्ली पालकांना शोधावं लागत नाही. क्लासच्या ऑफिसात फीचा पहिला हप्ता भरला की समोरचा माणूसच सांगतो, "कॉलेजचं आम्ही बघतो, तुम्ही निर्धास्त राहा." मग मुलाचं नाव कुठल्या तरी कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर चढतं. ते कॉलेज त्याने बहुधा पाहिलेलंही नसतं. मूल मात्र दोन वर्षं लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे नाही तर ठाण्याच्या एखाद्या हॉलमध्ये बसतं. याला कोणी 'इंटिग्रेटेड' म्हणतं, कोणी 'टाय-अप', आणि जिथे तेवढाही आडपडदा नाही तिथे सरळ 'डमी ॲडमिशन'.

अकरावी-बारावीच्या मुलांवरच्या दडपणाची चर्चा आपण दर उन्हाळ्यात करतो. नीट, जेईई, सीईटी या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांचे निकाल लागतात, एखादी काळजाला घरं पाडणारी बातमी येते, मग वर्तमानपत्रांतून पालकांना सल्ले दिले जातात: मुलांशी बोला, तुलना करू नका, स्वतःची अपुरी स्वप्नं त्यांच्यावर लादू नका. या सल्ल्यांत चूक काहीच नाही. पण ते सगळे घराच्या उंबऱ्याशी थांबतात. माझं म्हणणं असं की या वयाच्या मुलांवरचं दडपण आईबापांच्या हव्यासापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात एका रिकाम्या पडलेल्या जागेतून येतं, आणि ती जागा म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय. ते आपण सर्वांनी मिळून डोळ्यांदेखत बंद पाडलं आणि कागदोपत्री चालू ठेवलं. ते खरोखर चालू होत नाही तोवर समुपदेशनाचे सगळे उपाय वरवरचेच ठरणार. मी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत आलो आहे. हे सगळं आतून पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते. एवढी मोठी संख्या दुसऱ्या कुठल्याही राज्याची नव्हती. या प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असं म्हणणं चुकीचं होईल. तेवढं सोपं कारण माणसाच्या मरणाला क्वचितच असतं. पण राजस्थानातल्या कोटा या कोचिंगच्या शहराकडे बोट दाखवून आपण जो सुस्कारा सोडतो, त्याला हा आकडा जागा ठेवत नाही.

आधी पालकांविषयी, कारण सगळ्यात जास्त बोल त्यांनाच लागतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात असते. खासगी महाविद्यालयात तीच पदवी वर्षाला दहा लाखांच्या आगेमागे जाते आणि अभिमत विद्यापीठात वीस लाखांच्या पुढे. साडेचार वर्षांचा हिशेब करा. नीटच्या गुणपत्रिकेवर पंधरा-वीस गुण इकडचे तिकडे झाले की एखाद्या घराचा खर्च चाळीस लाखांनी किंवा त्याहूनही जास्त बदलतो. ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे त्याच्यासाठी तर तेवढ्यात दार उघडं राहतं किंवा कायमचं बंद होतं. असा बाप रविवारच्या चाचणीचे गुण विचारतो तेव्हा तो लोभी असतो असं मला वाटत नाही. तो हिशेब करत असतो, आणि त्याचा हिशेब बरोबर असतो. त्याला 'मुलावर दडपण आणू नका' एवढंच सांगणं म्हणजे त्याची अडचण ऐकून न घेताच उठून जाणं.

पण हाच हिशेब सगळ्यांनी केला की काय होतं? २०२४ मध्ये नीट देणारे २३ लाखांहून अधिक होते आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या सरकारी-खासगी सगळ्या जागा मिळून लाखाच्या थोड्या वर. त्या वर्षीच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. सुधारित निकालात ते १७ उरले. पुढच्याच वर्षी पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. एका वर्षात मुलं तर काही बदलली नव्हती. जागाही जवळपास तेवढ्याच. पेपर बदलला म्हणून कटऑफ शंभरावर गुणांनी खाली आला, आणि आत जाणारे जेवढे जायचे तेवढेच गेले. म्हणजे मुलाने किती गुण मिळवले यापेक्षा त्याच्या पुढे किती जण उभे आहेत यावरच सगळं ठरतं. अशा ठिकाणी एका मुलाने रोज दोन तास जास्त अभ्यास केला तर त्याचा फायदा होतो. लाखो मुलांनी केला तर फक्त कटऑफ वर सरकतो. जागा एकही वाढत नाही. दोन तासांची झोप मात्र सगळ्यांचीच जाते.

त्यात रांग दरवर्षी लांबते. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि २०२२ पासून कमाल वयाची अटही उरलेली नाही. म्हणून बारावीतल्या सतरा वर्षांच्या मुलीची गाठ दुसऱ्या, तिसऱ्या, कधी चौथ्या वेळी बसलेल्या 'रिपीटर'शी पडते. क्लासच्या धंद्याचा मोठा आधार आता ही रिपीटर बॅचच आहे. दुसरी संधी गरिबाच्या मुलाला मिळालीच पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तिसरं आणि चौथं वर्ष गावाबाहेर खोली करून, मेस लावून, फी भरून काढणं गरिबाला परवडतच नाही. अमर्याद प्रयत्नांची सवलत दिसायला उदार आहे, फायदा मात्र ज्याच्या खिशात आणखी एक वर्ष काढायची ताकद आहे त्याचा होतो. तीन प्रयत्न पुरेत.

परीक्षा बदला म्हणजे दडपण जाईल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्राने परीक्षा कमी वेळा बदललेल्या नाहीत. नव्वदच्या दशकापर्यंत मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. त्या दशकाच्या अखेरीस सीईटी आली. २०१४ आणि २०१५ ला राज्याने इंजिनिअरिंगसाठी सीईटी सोडून जेईई मेन धरली, २०१६ ला पुन्हा सीईटीवर आलं. मेडिकलला २०१३ मध्ये नीट आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१६ मध्ये परत आणली आणि २०१७ पासून ती सगळ्या राज्यांना लागू झाली. प्रत्येक वेळी क्लासवाल्यांनी पाट्या बदलल्या, पुस्तकं बदलली आणि सहा महिन्यांत नव्या परीक्षेची टेस्ट सिरीज बाजारात आणली. कॉलेजला मात्र प्रत्येक बदलाने थोडं थोडं बिनकामाचं केलं. आज राज्याच्या सीईटीवर इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के पुरतात, गुणवत्ता यादीत बारावीचा एक गुणही मोजला जात नाही. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के वजन आहे. मग अकरावीचा वर्ग भरवायचा कोणी आणि बसायचं कोणी?

लातूरचं नाव या चर्चेत नेहमी निघतं, आणि बहुतेकदा अर्धवट माहितीवर. लातूर पॅटर्न उभा राहिला तो राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांच्या आत. तिथलेच प्राध्यापक वेळापत्रकाच्या आधी-नंतर जादा तास घ्यायचे, चाचण्यांमागून चाचण्या घेऊन पेपर स्वतः तपासून द्यायचे. तेही कष्टाचंच होतं. तेव्हाही पाठांतर होतं, तेव्हाही बोर्डाच्या यादीत नाव यावं म्हणून मुलं रात्री जागायची, आणि त्या पद्धतीवर टीका तेव्हापासून होत आली आहे. पण तिथे एक गोष्ट होती. ज्याने चाचणी घेतली तोच शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात उभा असायचा. मुलगा चार दिवस दिसला नाही तर त्याच्या ते लक्षात यायचं. पगार कॉलेजचा, जबाबदारीही कॉलेजची. आज त्याच शहरात उद्योग भवन परिसरात फिरलं तर इमारतींवर वरपासून खालपर्यंत फोटो, रँक आणि गुण दिसतात. पॅटर्न हे नाव राहिलं आणि ज्या कॉलेजांतून तो निघाला त्यांच्या वर्गांबाहेर सगळा व्यवहार गेला.

दहावीचे निकाल यात तेल ओततात, ते जाता जाता सांगून टाकतो. २०२५ मध्ये राज्यात २११ मुलांना दहावीला शंभर टक्के पडले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. सर्वोत्तम पाच विषय आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून ही टक्केवारी निघते. नव्वदच्या वरची तर गणतीच नाही. असा पंधरा वर्षांचा मुलगा जूनमध्ये पेढे वाटतो आणि जुलैतल्या पहिल्या चाचणीत ७२० पैकी २२० वर येतो. दोन महिन्यांपूर्वी सगळ्या गावाने त्याला हुशार म्हटलेलं असतं. तो खरंच हुशार असतो. पण हे त्याला त्या आठवड्यात सांगायला जवळ कोणी नसतं.

आता कॉलेजकडे येऊ. बारावीच्या विज्ञान विषयांत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं. जानेवारी-फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा होतात, तेव्हा मी बहिःस्थ परीक्षक म्हणून जातो. एका कॉलेजात गेलो, तर प्रयोगशाळेच्या दारात मुलं घोळक्याने उभी, आणि कुठल्या दारातून आत जायचं हे शिपायाला विचारत होती. दोन वर्षं ज्या कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात होतं, तिथे त्यांतली बरीच जण पहिल्यांदा येत होती. जर्नल नवी कोरी, एकाच शाईने, एकाच बैठकीत उतरवलेली.

प्रयोग होता पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन. तो करायला ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण गरम करावं लागतं, आणि परमँगनेट गडद जांभळं असल्यामुळे ब्युरेटचं वाचन द्रवाच्या वरच्या कडेवर घ्यावं लागतं. एका मुलीला मी विचारलं, आम्ल माध्यमात परमँगनेटचा एन-फॅक्टर किती? प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं, पाच. पुढचं समीकरणही तिने तोंडी संतुलित करून दाखवलं. मग ब्युरेटपाशी गेली आणि थांबली. तोटी कुठल्या बाजूला फिरवायची हे तिला माहीत नव्हतं. तिने ती पूर्ण उघडली, धार लागली, फ्लास्क पाहता पाहता तपकिरी-जांभळा झाला, आणि तिचे हात थरथरायला लागले. "सर, माझे मार्क जातील का?" एवढंच तिने विचारलं. मी तिला दुसरा फ्लास्क दिला, बर्नरवर ठेवायला सांगितलं, थेंब थेंब कसं सोडायचं ते दाखवलं. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला, तेव्हा ती हसली. मूल हुशार होतं, कष्टाळू होतं, आणि दोन वर्षांत तिला हातात काच धरून चुकायची एकही संधी कोणी दिली नव्हती. संध्याकाळी गुणपत्रक भरलं तेव्हा सगळ्या तुकडीचे गुण २७ ते ३० च्या दरम्यान होते. ते तसेच असावेत अशी पद्धत पडून गेली आहे, आणि त्या पत्रकावर माझीही सही असते.

चुकायला मिळणं ही मला या सगळ्यातली फार महत्त्वाची गोष्ट वाटते. कॉलेज चालू असतं तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं आयुष्य अनेक जागी पसरलेलं असतं. भौतिकशास्त्रात मागे पडलेला मुलगा मराठीच्या तासाला निबंधासाठी ओळखला जातो. कोणी एनएसएसच्या शिबिरात पुढे, कोणी स्नेहसंमेलनाचा पडदा ओढण्यात, कोणी कबड्डीत. एका बाकावर जिल्हाधिकारी व्हायचं म्हणणारा आणि वडिलांचं दुकान सांभाळणार असलेला शेजारी शेजारी बसतात. चाचणीत कमी गुण पडले तर वाईट वाटतं, पण त्या दिवशी आणखीही काही घडलेलं असतं. इंटिग्रेटेडमध्ये हे सगळं छाटून टाकतात. सकाळी सातला वर्ग, दुपारी वर्ग, संध्याकाळी शंका-निरसन, रात्री अभ्यासिका, रविवारी चाचणी. त्या वेळापत्रकात मुलाची ओळख एकाच आकड्याने होते. तो आकडा घसरला की त्याच्याकडे धरून ठेवायला दुसरं काहीच उरत नाही.

बॅचची गोष्ट तर मला सगळ्यात क्रूर वाटते. चाचण्यांच्या गुणांवर बॅच ठरते: वरच्यांना नावाजलेले शिक्षक, खालच्यांना नवे. दर काही आठवड्यांनी पुन्हा वाटणी. माझ्या ओळखीतली एक मुलगी दिवाळीनंतर वरच्या बॅचमधून खाली आली. तिच्या खोलीतल्या दोघी वरच राहिल्या. वर्गाच्या वेळा बदलल्या, त्यामुळे जेवायच्या वेळा बदलल्या, त्यामुळे तिघींचं एकत्र जेवणं बंद झालं. रविवारी संध्याकाळी चाचणीचा मेसेज तिच्या आधी वडिलांच्या मोबाइलवर जायचा, म्हणून ती रविवारी फोन उचलेनाशी झाली. वडिलांना वाटलं, पोरगी अभ्यासात आहे. हे आठ-दहा आठवडे चाललं. शेवटी मेसच्या काकूंनी घरी कळवलं, की ताटात वाढलेलं तसंच परत येतंय. क्लासला तिची प्रत्येक चाचणी, प्रत्येक विषयातला टक्का माहीत होता, कॉलेजच्या हजेरीपटावर ती रोज हजर होती, आणि तरी तिचं बिनसलंय हे ओळखलं पोळ्या लाटणाऱ्या बाईंनी. मुलगी आता बरी आहे, घरी राहून शिकते आहे.

इथे मला उत्तर दिलं जाईल, आणि ते द्यायला हवंच, की क्लास बंद झाले तर नुकसान कोणाचं? उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधारकडच्या मुलांना डॉक्टर होण्याचा रस्ता याच क्लासांनी दाखवला. गावच्या कॉलेजात भौतिकशास्त्राला शिक्षकच नव्हता, गणिताचा शिक्षक घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासामागे मानधनावर होता आणि दिवाळीनंतर आलाच नाही. त्या मुलाने काय करायचं होतं? हा आक्षेप मला फार जवळचा आहे, कारण माझे कितीतरी विद्यार्थी असेच पुढे गेले आणि आज तालुक्याच्या दवाखान्यांत लोकांची सेवा करत आहेत. क्लासमधले काही शिक्षक इतके चांगले शिकवतात की त्यांचा मला हेवा वाटतो. म्हणून क्लास बंद करा असं मी म्हणत नाही. क्लासने कॉलेजची जागा घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हा आक्षेप नीट ऐकला तर तोही तेच सांगतो: गावच्या कॉलेजात शिक्षक नव्हता. म्हणजे जी गोष्ट सरकारने द्यायची होती ती मिळाली नाही, म्हणून बापाने जमीन गहाण टाकून ती बाजारातून विकत घेतली. ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीनही नव्हती, त्याच्या मुलाचा फोटो कुठल्याच इमारतीवर लागलेला नाही. त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

मग हे इतकी वर्षं चालतं कसं? सगळ्यांचंच फावतं म्हणून. क्लासला पूर्ण दिवस मिळतो. स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजला वर्ग न भरवता फी मिळते; २०१२ च्या कायद्यानंतर अशी कॉलेजं भराभर निघाली. अनुदानित कॉलेजला पट टिकतो, पटावर तुकडी टिकते आणि तुकडीवर आमची नोकरी टिकते. हो, आम्हा शिक्षकांचंही यात मौन आहे, आणि ते भीतीचं आहे. पालकाला वाटतं मुलाचा वेळ वाचला. सरकार क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी घेतं आणि दुसऱ्या हाताने रिकाम्या वर्गांना अनुदान देतं. अशी ही अळीमिळी गुपचिळी. यात एकट्या मुलाला काही मिळत नाही, पण त्याला कोणी विचारलेलं नसतं.

नियम नाहीत असं मुळीच नाही. बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. २०१८ मध्ये राज्याने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो इंटिग्रेटेडला आळा घालण्यासाठीच होता. त्याच सुमाराला खासगी शिकवण्यांच्या नियमनाचा मसुदाही तयार झाला होता, त्याचा कायदा झाला नाही. राजस्थान विधानसभेने २०२५ मध्ये कोचिंग नियमनाचं विधेयक मंजूर केलं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये घेऊ नये, शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये. आज आठवीपासूनच्या 'फाउंडेशन' बॅचच्या जाहिराती रिक्षांच्या पाठीवर फिरतात. त्या लपूनछपून फिरत नाहीत.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून बॅच पाडू नयेत, मुलांना चारचौघांत अपमानित करू नये. शाळा, कॉलेज, कोचिंग, वसतिगृह सगळ्यांना हे लागू आहे. मला या निकालाचं मोल मोठं वाटतं, विशेषतः बॅचबद्दल न्यायालय इतकं स्पष्ट बोललं याचं. पण महाराष्ट्रात तो राबवायला गेलं की पहिलाच प्रश्न अडतो. मुलगी कागदावर एका संस्थेची विद्यार्थिनी, दिवसभर दुसऱ्या संस्थेत, रात्री तिसऱ्याच्या वसतिगृहात. समुपदेशक नेमायचा कोणी? काही बरंवाईट झालं तर कॉलेज म्हणतं, ती इथे यायचीच नाही. क्लास म्हणतो, आमच्याकडे ती फक्त शिकवणीला होती. वसतिगृहाचा मालक म्हणतो, मी खोली भाड्याने दिली होती. कायद्यासमोर तिघेही हात वर करू शकतात, कारण तिच्या दोन वर्षांचं पालकत्व कोणी घेतलेलंच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीवर आहे. सकाळी अकरा ते चार, जो काही वेळ कॉलेजचा असेल, त्या वेळेत मूल ज्याच्या पटावर आहे त्याच्याच वर्गात असलं पाहिजे. क्लास त्याआधी किंवा त्यानंतर, ठरलेल्या तासांत. याने नीट सोपी होणार नाही, जागा वाढणार नाहीत, फीची दरी बुजणार नाही. त्यासाठी सरकारी महाविद्यालयं वाढवावी लागतील आणि नुसत्या बीएस्सीलाही मान आणि काम मिळेल असं काही करावं लागेल. ती लांबची लढाई आहे. पण सगळ्यांचे अभ्यासाचे तास एकदम कमी झाले तर कोणाचाच क्रमांक बिघडत नाही, हे वर जो हिशेब केला त्यातूनच निघतं. एकट्या घराने मुलाला क्लासमधून काढलं तर ते घर हरतं. नियम सगळ्यांना सारखा लागला तर कोणी हरत नाही, आणि मुलांना दिवसाचे पाच तास परत मिळतात.

कॉलेज भरवायचं तर शिकवायला माणसं हवीत. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयांतल्या रिकाम्या जागा भरायला हव्यात, घड्याळी तासिकेवर वर्षानुवर्षं काढणाऱ्यांना नेमणूक द्यायला हवी. आम्ही जे पूर्ण पगारावर आहोत त्यांनी नीट-सीईटीच्या पातळीचं शिकवायची तयारी ठेवली पाहिजे. मुलं क्लासला गेली याचं एक कारण आमच्यातल्या अनेकांनी वीस वर्षांपूर्वीच्या वह्या बदलल्या नाहीत हेही आहे. प्रात्यक्षिकं जुलैपासून दर आठवड्याला व्हावीत आणि त्यांचे गुण वर्षभरातल्या प्रत्यक्ष कामावर असावेत.

हे सगळं तपासणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. कुठल्या कॉलेजच्या विज्ञान शाखेत किती मुलं आहेत, ती कुठल्या तालुक्यातून आली, हे शिक्षण विभागाच्या संगणकावर एका जागी आहे. तीस मैलांच्या परिघात वसतिगृह नाही अशा आडगावच्या कॉलेजात दोनशे मुलं भरतात आणि त्यांतली बहुतेक दुसऱ्या जिल्ह्यांतली आहेत, हे दिसायला चौकशी समिती लागत नाही. विभागीय उपसंचालकांनी ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी, आधी न कळवता, अशा कॉलेजांत अधिकारी पाठवावेत आणि वर्गात बसलेली मुलं मोजावीत. मोजणीचे आकडे कॉलेजच्या नावासह प्रवेशाच्या त्याच संकेतस्थळावर टाकावेत, म्हणजे पुढच्या जूनमध्ये पालकांना ते दिसतील. आणि पटावरची निम्मी मुलंही जिथे सापडणार नाहीत, त्या कॉलेजची विज्ञानाची तुकडी पुढच्या वर्षीच्या प्रवेशफेरीतून वगळावी.